विश्लेषण : सोन्याचे वय कसे मोजतात? दक्षिण आफ्रिकेतील शतकभराच्या वादात समस्थानिकांची साक्ष का ठरली महत्त्वाची?

सराफाच्या पेढीवर दागिना ठेवला की काही मिनिटांत त्याचे वजन आणि शुद्धता कळते. कसोटीचा दगड, कॅरेट मोजणारे यंत्र आणि हॉलमार्क यावरून सोने किती खरे आहे ते सांगता येते. पण हे सोने जमिनीत कधी साठले, हे कुठलाच सराफ सांगू शकत नाही. खुद्द भूगर्भशास्त्रज्ञांनाही बराच काळ या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. जगातील सर्वात मोठ्या सुवर्णसाठ्याच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या बाबतीत तर यावरून शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला. सोने आधीचे की ज्या खडकात ते सापडते तो खडक आधीचा, हा त्या वादाचा गाभा. २००२ मध्ये सोन्यातील आणि त्याच्या शेजारच्या खनिजातील समस्थानिकांनी या वादात साक्ष दिली.

विटवॉटर्सरँड एवढे महत्त्वाचे का?

१८८६ मध्ये आजच्या जोहान्सबर्गच्या परिसरात सोने सापडले आणि त्याच वर्षी हे शहर वसले. विटवॉटर्सरँड या नावाचा अर्थ ‘पांढऱ्या पाण्याची डोंगरधार’. दक्षिण आफ्रिकेच्या चलनाला ‘रँड’ हे नावही त्यावरूनच मिळाले. या भागातून आजवर ४० हजार टनांहून अधिक सोने काढले गेले आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही एका भागाने एवढे सोने दिलेले नाही. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेने एका वर्षात सुमारे एक हजार टन सोने काढले होते. आता हा आकडा शंभर टनांच्या आसपास आला आहे. वरच्या थरातले सोने संपले तसतशा खाणी खोल गेल्या. तेथील एम्पोनेंग ही खाण जवळपास चार किलोमीटर खोल असून ती जगातील सर्वात खोल खाणींपैकी एक आहे.

एवढ्या खोलीवर खडक इतका तापलेला असतो की थंड हवा खाली सोडल्याशिवाय कामगार तेथे उभाही राहू शकत नाही. नवी विहीर खोदायची म्हणजे प्रचंड खर्च आणि अनेक वर्षांचे काम. म्हणून सोन्याचा पुढचा थर कोणत्या दिशेला असेल, हा अंदाज बरोबर येणे गरजेचे असते. तो अंदाज सोने तेथे कसे आले यावर अवलंबून असतो, आणि ते कसे आले याचा मोठा पुरावा त्याच्या वयात दडलेला असतो.

वाद नेमका काय होता?

विटवॉटर्सरँडचे सोने गोटेयुक्त खडकाच्या पातळ थरांत सापडते. गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे गोल गोटे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारी बारीक वाळू, असा हा खडक. आपल्याकडच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा डोळ्यांसमोर आणला तर त्याची रचना लक्षात येते. डच वसाहतकऱ्यांना तो पाहून त्यांची बदामाची मिठाई आठवली होती आणि तिच्यावरून त्यांनी या खडकाला ‘बँकेट’ म्हटले. नदीने वाहून आणलेल्या गोट्यांपासून हा खडक २८९ ते २७६ कोटी वर्षांपूर्वी तयार झाला, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो त्यातील सोन्याबद्दल.

पहिला पक्ष म्हणतो, सोने नदीनेच आणले. डोंगरातील जुने सुवर्णखडक झिजले, सोन्याचे कण पाण्याबरोबर वाहत आले आणि जड असल्यामुळे नदीच्या तळाशी गोट्यांमध्ये अडकले. आजही अनेक नद्यांच्या वाळूत असे सोने सापडते. विटवॉटर्सरँडमध्ये सोन्याबरोबर पायराइटचे, म्हणजे ‘मूर्खांचे सोने’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खनिजाचे गोल झिजलेले कण मिळतात. शिवाय युरेनियमच्या जड खनिजाचे कणही मिळतात. जुन्या नदीपात्राच्या तळाशी सोन्याचे प्रमाण जास्त असते, हा आणखी एक मुद्दा.

दुसरा पक्ष म्हणतो, गोटे नदीने आणले असतील, सोने मात्र नंतर आले. खडक तयार होऊन जमिनीत खोल गाडला गेल्यावर भेगांमधून गरम, खनिजयुक्त पाणी वर आले आणि त्याने सोने खडकात सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर येथील बरेचसे सोने नदीतल्या चपट्या कणांसारखे दिसत नाही. ते बारीक भेगांत भरलेले, इतर खनिजांच्या कडेने पसरलेले दिसते. जगातील अनेक मोठ्या सोन्याच्या खाणी अशाच गरम पाण्यापासून बनल्या आहेत, मग ही अपवाद कशी, असा या पक्षाचा प्रश्न.

म्हणजे परीक्षा सरळ होती. सोने खडकापेक्षा जुने निघाले तर नदीचा पक्ष बळकट होतो. खडकापेक्षा नवे निघाले तर गरम पाण्याचा.

मग सोन्याचे वय थेट का मोजता येत नाही?

कारण सोन्याच्या अणूत घड्याळच नाही. निसर्गात सोन्याचे एकच समस्थानिक सापडते, सोने-१९७. ते स्थिर आहे. त्याचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होत नाही. कालचे सोने आणि ३०० कोटी वर्षांपूर्वीचे सोने यांच्या अणूंत काहीच फरक नसतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट करायला हवी. सोन्याचे अणू पृथ्वीवर तयार झालेले नाहीत. ते पृथ्वीच्या जन्माआधी ताऱ्यांशी संबंधित स्फोटक घटनांत घडले. भूगर्भशास्त्रज्ञ ‘सोन्याचे वय’ म्हणतात तेव्हा त्यांना अणूंचे वय अभिप्रेत नसते. विखुरलेले अणू एकत्र येऊन खनिजसाठा कधी बनला, तो काळ अभिप्रेत असतो.

वय म्हटले की अनेकांना कार्बन-१४ ची पद्धत आठवते. ती येथे कामाची नाही. कार्बन-१४ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षांचा आहे. पन्नासेक हजार वर्षांनंतर मोजण्यासारखे काही उरतच नाही. शिवाय ही पद्धत लाकूड, कोळसा, हाडे अशा सजीवांच्या अवशेषांसाठी आहे. कोट्यवधी वर्षांसाठी खूप सावकाश चालणारे घड्याळ लागते.

अशी घड्याळे कोणती?

काही मूलद्रव्यांची समस्थानिके ठरावीक गतीने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. ही गती उष्णता, दाब किंवा रासायनिक क्रियांनी खडकात बदलत नाही. म्हणून किती मूळ समस्थानिक उरले आणि किती नवे तयार झाले हे मोजले की मधला काळ काढता येतो.

सोन्याच्या साठ्यांसाठी तीन घड्याळे प्रामुख्याने वापरली जातात. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ बनते, अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. पोटॅशियम-४० पासून अरगॉन-४० बनते, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे. तिसरे सर्वात संथ. रेनियम-१८७ पासून ऑस्मियम-१८७ बनते आणि त्याचे अर्धायुष्य तब्बल ४,१६० कोटी वर्षे आहे. विश्वाच्या वयापेक्षाही हा काळ मोठा आहे.

युरेनियमचे घड्याळ मोनाझाइट, झेनोटाइम, झिरकॉन अशा खनिजांत असते. पोटॅशियमचे अभ्रकात. रेनियमचे घड्याळ मॉलिब्डेनाइट, पायराइट अशा गंधकयुक्त खनिजांत सापडते. ही खनिजे सोन्याच्या शेजारी, बऱ्याचदा त्याच्याबरोबरच तयार झालेली असतात. सोन्याच्या कणातही अत्यल्प प्रमाणात रेनियम आणि ऑस्मियम अडकलेले असू शकते. सोने स्वतः आपले वय सांगत नाही, पण सोबत जन्मलेली खनिजे आणि आत अडकलेली अशुद्धी ते सांगते.

सुरुवातीला किती ऑस्मियम होते, हे कसे कळते?

हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न आहे. खनिजात आज जे ऑस्मियम-१८७ दिसते, त्यातले काही रेनियमपासून बनलेले आणि काही पहिल्यापासून असलेले. दोन्ही वेगळे केल्याशिवाय वय चुकते.

बँकेतील ठेवींचे उदाहरण घेऊ. समजा, एकाच दिवशी उघडलेल्या दोन ठेवी आहेत. दोन्हींवर दरसाल ५ टक्के सरळ व्याज आहे आणि दोन्हींच्या व्याजखात्यात सुरुवातीलाच सारखीच काही रक्कम होती. ती किती आणि ठेवी कधी उघडल्या, हे माहीत नाही. आज एक लाखाच्या ठेवीच्या व्याजखात्यात ५२ हजार दिसतात आणि दोन लाखांच्या ठेवीच्या व्याजखात्यात एक लाख दोन हजार. ठेवीतील फरक एक लाखाचा, व्याजखात्यातील फरक ५० हजारांचा. एक लाखावर वर्षाला पाच हजार मिळतात, म्हणजे दहा वर्षे झाली. आणि सुरुवातीची रक्कम दोन हजार होती, हेही कळले.

रेनियम म्हणजे ठेव आणि ऑस्मियम-१८७ म्हणजे व्याजखाते. कमी-जास्त रेनियम असलेले अनेक नमुने मोजायचे आणि आलेखावर मांडायचे. सगळे नमुने एकाच काळी बनलेले असतील तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ वय सांगतो. रेषा जेथून सुरू होते ते ठिकाण सुरुवातीचे ऑस्मियम सांगते. या रेषेला ‘आयसोक्रॉन’, म्हणजे समकाल रेषा म्हणतात. बिंदू विस्कटलेले आले तर नमुने वेगवेगळ्या काळचे आहेत किंवा मध्येच घड्याळ बिघडले आहे, असे समजायचे.

प्रयोगशाळेत हे प्रत्यक्षात कसे होते?

आधी खडकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कोणते खनिज सोन्याबरोबर बनले आणि कोणते नंतर घुसले, हे येथेच ठरते. ही पायरी चुकली तर पुढचे यंत्र कितीही अचूक असले तरी उत्तर भलत्याच घटनेचे मिळते. त्यानंतर निवडलेले कण जाड काचेच्या नळीत तीव्र आम्लांबरोबर बंद करून दोनशे अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला तापवले जातात. सोने विरघळवणारे अम्लराज येथे उपयोगी पडते. मग ऑस्मियम आणि रेनियम वेगळे करून मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात वजनानुसार त्यांची समस्थानिके मोजली जातात.

मोजायचे प्रमाण अतिशय कमी असते. ऑस्मियम अब्जात काही भाग किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून हवा गाळून घेतलेल्या खोलीत, शुद्ध केलेली रसायने वापरून हे काम होते. कण नसलेली रिकामी नळीही त्याच प्रक्रियेतून नेली जाते. रसायनांतूनच किती ऑस्मियम आले, ते तिच्यावरून कळते आणि हिशेबातून वजा केले जाते.

२००२ मध्ये काय आढळले?

अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाचे जेसन कर्क, होआकिन रुइझ, जॉन चेस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विटवॉटर्सरँडचे सोने आणि गोल पायराइट यांतील रेनियम-ऑस्मियम मोजले. हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्तर आले ३०३ कोटी वर्षे, दोन कोटी वर्षे इकडे-तिकडे. एवढ्या काळात शंभरातले जेमतेम पाच रेनियम-१८७ अणू बदललेले असतात. त्या पाचांच्या हिशेबावर हे वय उभे आहे.

ज्या खडकात हे सोने सापडते तो २८९ कोटी वर्षांहून जुना नाही. म्हणजे सोने खडकापेक्षा किमान १४ कोटी वर्षांनी मोठे ठरले. खडक बनल्यानंतर बाहेरून आलेल्या पाण्याने हे सोने आणले असते तर असे वय येणे अवघड होते. सोने दुसरीकडे घडले, झिजले आणि नदीने येथे आणून टाकले, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला.

रेषेच्या सुरुवातीच्या बिंदूनेही महत्त्वाची माहिती दिली. सुरुवातीच्या ऑस्मियमचे प्रमाण पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणाशी जुळणारे होते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील काप्वाल नावाचा प्राचीन भूखंड ज्या काळात वेगाने वाढत होता, त्याच काळाशी ३०३ कोटी वर्षांचा आकडा जुळतो. म्हणजे हे सोने प्रावरणातून त्या भूखंडाच्या घडणीबरोबर वर आले असावे.

पायराइट नदीत टिकले कसे?

आजच्या नदीत पायराइटचे कण फार काळ टिकत नाहीत. हवेतील आणि पाण्यातील प्राणवायूमुळे त्यांना गंज चढतो. तीनशे कोटी वर्षांपूर्वी मात्र हवेत मुक्त प्राणवायू जवळपास नव्हता. तो लक्षणीय प्रमाणात वाढला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे त्या काळच्या नद्यांत पायराइट आणि युरेनियमचे खनिज गोट्यांसारखे घासत, गोल होत वाहू शकले. सोन्याचे वय शोधताना पृथ्वीच्या जुन्या हवेबद्दलही पुरावा मिळतो, तो असा.

मग वाद मिटला का?

पूर्णपणे नाही. समस्थानिकांचे उत्तर ज्या कणांतून आले, त्यांच्याबद्दल ते ठाम आहे. पण हे खोरे शेकडो किलोमीटर पसरलेले आहे आणि त्यात सोन्याचे अनेक थर आहेत. शिवाय सोने भेगांत भरलेले दिसते, हे निरीक्षणही खोटे नाही. आज बरेच अभ्यासक मधली वाट धरतात. सोने नदीने आणले. नंतर खडक तापला, गरम पाणी फिरले आणि सोने विरघळून थोड्याच अंतरावर पुन्हा साठले. त्यामुळे ते नवे दिसते, पण मुळात जुने आहे.

२०१५ मध्ये ईटीएच झुरिक या संस्थेतील क्रिस्टोफ हाइनरिख यांनी तिसरी शक्यता मांडली. ज्वालामुखीच्या गंधकयुक्त वायूंमुळे त्या काळचा पाऊस आणि नद्यांचे पाणी असे होते की प्राणवायूच्या अभावी त्यात सोने विरघळू शकत होते. उथळ पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या थरांवर हे सोने साठले, असे त्यांचे म्हणणे आहे. येथील कार्बनयुक्त थरांत सोन्याचे प्रमाण विलक्षण जास्त का, याचे उत्तर त्यातून मिळते.

ज्या मूळ डोंगरातून हे सोने आले तो डोंगर मात्र अद्याप कोणी निश्चितपणे दाखवू शकलेले नाही.

भारतातील सोन्याचे वय किती?

कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे आजही सोन्याची खाण सुरू आहे. तेथील सोने गारगोटीच्या शिरांत आणि आजूबाजूच्या बदललेल्या खडकात आहे, म्हणजे ते गरम पाण्याने आणलेले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांबरोबर त्याचे वय काढले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. यासाठी मोनाझाइटचे कण वापरले गेले. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणारे हेच ते खनिज.

हट्टीतील मोनाझाइटचे कण इतके लहान असतात की ते वेगळे काढले तर सोन्याशी त्यांचे नाते कळत नाही. म्हणून ‘श्रिम्प’ या यंत्राने खडकाच्या गुळगुळीत केलेल्या कापातच, कण जागेवर ठेवून, त्यावर आयनांचा बारीक झोत सोडला जातो. झोताने उडालेल्या अणूंतील युरेनियम आणि शिसे मोजले जाते. उत्तर आले सुमारे २५५ कोटी वर्षे. गदगच्या सोन्याचे वय याच पद्धतीने सुमारे २५२ कोटी वर्षे निघाले. दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या भूखंडभागांत असली तरी सोने साधारण एकाच काळात साठले, असे त्यावरून दिसते. तुलनेसाठी, सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे.

हट्टीतच कार्बन-१४ चाही उपयोग झाला आहे. तेथील प्राचीन खाणकामात सापडलेल्या लाकडाचे वय त्या पद्धतीने सुमारे दोन हजार वर्षे निघाले. एकाच खाणीत एका घड्याळाने सोन्याचा काळ सांगितला आणि दुसऱ्याने ते काढणाऱ्या माणसांचा.

वय कळल्याचा प्रत्यक्ष फायदा काय?

सर्वात मोठा फायदा शोधमोहिमेला होतो. सोने नदीने आणले असेल तर जुन्या नदीपात्राचा नकाशा बनवून त्याच्या तळाचा माग काढायचा. गरम पाण्याने आणले असेल तर भेगा आणि भ्रंशरेषा तपासायच्या. काही किलोमीटर खोल छिद्र घेण्यापूर्वी हा निर्णय व्हावा लागतो. साठा कोणत्या काळचा हे कळले की त्याच काळात तशीच हालचाल झालेले इतर भूभागही तपासता येतात.

सगळे सोने एवढे जुने नसते. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील कार्लिन पट्ट्यातील सोने सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचे आहे. पापुआ न्यू गिनीतील लिहिर बेटाखाली तर आजही गरम पाण्याबरोबर सोने वर येते. त्याच वेगाने तेथील साठा सुमारे ५५ हजार वर्षांत तयार होऊ शकतो, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला.

घरातल्या दागिन्याचे वय सांगता येईल का?

नाही. सोने वितळवून शुद्ध केले की त्याच्याबरोबरची खनिजे आणि आतली अशुद्धी निघून जाते आणि घड्याळही तिच्यासोबत जाते. शिवाय सोने पुन्हा पुन्हा वितळवले जाते. एकाच बांगडीत अनेक खाणींचे सोने मिसळलेले असू शकते. म्हणून वयाची चौकशी करायची तर ती सोने खडकात असतानाच करावी लागते.